पिवळी न झालेली पट्टी

जुलेखा,

तू गेलीस त्याला आज नऊ दिवस झाले. अन्वरचा फोन आला तेव्हा मी इस्त्री केलेले रुमाल कपाटात लावत होते. त्यानं सांगितलं, मी ऐकलं, मग उरलेले रुमालही लावले, कपाट बंद केलं, किल्ली खिळ्याला अडकवली आणि तेव्हा कुठं खाली बसले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बघा, मी मेले तरी हिची घडी मोडत न्हाई."

तुझ्या लेकानं दोन गोष्टी सांगितल्या. तू झोपेतच गेलीस, ही पहिली. दुसरी अशी, की चाळिसाव्या दिवसाच्या आत तो माळावर जाऊन आपल्या नानांच्या कबरीवर दगड बसवणार आहे. "मावशी, मजकूर तुम्हीच लिहून द्या. डोळ्यांनी पाहिलेलं माणूस आता तुम्हीच एक राहिलात. अम्मी सांगायची तसंच लिहा. चुना बंद करून जालिमांना मारलं, गाव वाचवलं, शहीद झाले."

मी हो म्हणाले. तेव्हापासून रोज सकाळी वही उघडते, तारीख टाकते आणि थांबते.

हे तुला लिहितेय, पण वाचायचं आहे ते मृण्मयी आणि ओंकारनं, माझ्या नातवंडांनी. दोघंही इतकी लांब आहेत की माझी सकाळ ही त्यांची आदली संध्याकाळ असते. त्यांना मराठी वाचताना ओळीवर बोट ठेवावं लागतं, म्हणून सोपं लिहीन आणि क्रमानं लिहीन. मृण्मयी तिकडं मोठ्या वीजघरांसाठी धूर धुणारी यंत्रं बनवते. तिनं मला फोनवर समजावलं. कोळसा जळला की त्यातलं गंधक धुरात येतं. तो धूर उंच मनोऱ्यात खालून सोडायचा आणि वरून चुनखडीच्या पाण्याचा शिडकावा करायचा. गंधक चुन्याला चिकटून पाण्याबरोबर खाली येतं आणि वरून निवळ धूर जातो. पाण्यात अजून किती दम आहे ते पडद्यावर आकड्यात दिसतं. सगळं सांगून झाल्यावर ती हसली, "आजी, तुमच्या वेळी असलं काही नव्हतं ना?"

मी म्हणाले, "नव्हतं गं."

मनोरा होता. तुझ्या अब्बांनी बांधला होता.

येडशीच्या स्टेशनावर लहान गाडीनं कच्चं गंधक यायचं. तिथून बैलगाड्यांनी आमच्या माळावरच्या भट्टीत. आप्पा, म्हणजे माझे वडील, ते वितळवून, शुद्ध करून कांड्या पाडायचे आणि तेरखेड्याच्या दारूकामवाल्यांना विकायचे. राज्य निजामाचं होतं, पण दिवाळीला बाण सगळ्यांचेच उडायचे. करीमचाचा, म्हणजे तुझे अब्बा, भट्टीचे मिस्त्री. मी सोलापूरला मडमांच्या शाळेत शिकत होते, सुट्टीला घरी यायचे, आणि तू मला "मडम" म्हणून सगळ्या माळावर नाचवायचीस.

भट्टीचा धूर शेजारच्या बापूच्या रानात उतरायचा. एका वर्षी त्याची ज्वारी पोटऱ्यात आली आणि पानं कडेनं करपून पांढरी झाली. बापू काठी घेऊन आला. आप्पांच्या खांद्यावर एक बसलीच. दुसरी करीमचाचांनी हातावर झेलली आणि म्हणाले, "बापू, मारून ज्वारी हिरवी होत असेल तर अजून दोन मार. न्हाय तर आठ महिने दे. धूर धुऊन सोडतो."

"धूर काय धोतर हाय का, धुवायला?" बापू म्हणाला.

माझ्या शाळेच्या पुस्तकात एक चित्र होतं, विलायतेतल्या कारखान्याच्या मनोऱ्याचं. मी इंग्रजी वाचायचे, आप्पा मराठीत पुन्हा विचारायचे आणि करीमचाचा काडीनं मातीत रेघा ओढायचे. आठ महिने लागले नाहीत. दोन पुरुष उंचीचा विटांचा मनोरा उभा राहिला. आत फुटक्या कौलांचा आणि चुनखडीच्या खड्यांचा भराव. वर चुन्याच्या निवळीचं पिंप, त्याला बारीक भोकं. धूर खालून शिरायचा, भरावातून वाट काढत वर चढायचा, आणि चुन्याचं पाणी त्याला भेटत भेटत खाली यायचं. एक अडचण राहिली. धुतलेला धूर गार असतो आणि गार धूर वर चढत नाही. तो मनोऱ्याच्या तोंडातून ओघळून खोलगट जागेतल्या पत्र्याच्या सोप्यात साचायचा. निवळ असला तर त्याचा त्रास नव्हता. म्हणून चुन्यावर नजर ठेवणं भाग होतं.

मी शाळेतून रंग बदलणारे कागद आणले होते. फार ऐटीत काढून दाखवले. करीमचाचांनी ते उन्हात धरून पाहिले आणि अदबीनं परत केले. "बेटा, इसके वास्ते विलायत कायको जाना? हळदी हय ना घर में."

हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो, हे आपल्याकडं शेंबडं पोरही जाणतं. त्यांनी हळदीत भिजवलेली कापडाची पट्टी काठीला बांधून मनोऱ्याखालच्या पन्हाळीत सोडली. पाण्यात चुना जिवंत असेल तोवर पट्टी लाल. चुना मेला की तीच पट्टी पिवळी. बाहेरचा माणूस लाल पाहून बिचकायचा, आणि तू त्याला ठसक्यात सांगायचीस, "लाल हाय तवर बसा. पिवळं दिसलं की पळा."

पिंप भरायचं काम तुझं आणि माझं. सकाळी तू चुना कालवायचीस, मी गाळून ओतायचे, आणि आपण भांडायचो. तुझं म्हणणं, मी गाळण्यात उगाच वेळ घालवते. माझं म्हणणं, तुझ्या खड्यांनी भोकं बुजतात. बापूची पुढची ज्वारी हिरवी उभी राहिली. तो हुरड्याचं पोतं घेऊन आला आणि पोतं टेकवून पन्हाळीजवळ बसून राहिला. म्हणाला, "धोतरच धुतलं की मिस्त्रीनं."

आता पुढचं.

मुलांनो, निजामाचं राज्य शेवटाला आलं होतं आणि शेवटाला आलेलं राज्य फार माणसं खातं. शाळा बंद झाल्या, आप्पा मला सोलापूरहून घेऊन आले. माळावर उभं राहिलं की कुठल्या ना कुठल्या गावातून धूर दिसायचा, आणि तो चुलींचा नसायचा. खाकी कपड्यातल्या हत्यारबंद टोळ्या फिरत होत्या. एक टोळी आमच्या भट्टीवर आली. त्यांना गंधक हवं होतं, बंदुकीच्या दारूसाठी.

जमादार त्यांचा पुढारी. बोलायला सभ्य होता. त्यानं करीमचाचांच्या खांद्यावर हात टाकला, "तुम तो अपने आदमी हो."

चाचा म्हणाले, "मैं भट्टी का आदमी हूं, साब."

आप्पांनी कोठाराची किल्ली दिली नाही. "हा दिवाळीचा माल आहे," एवढंच म्हणाले. टोळीवाल्यांनी आप्पांचा उजवा हात कांड्या पाडायच्या लोखंडी साच्यात ठेवला आणि वरचा साचा घणानं ठोकला. आवाज दोन वेळा वेगवेगळा आला, पहिल्यांदा बोटांचा आणि दुसऱ्यांदा नुसत्या लोखंडाचा. तरी किल्ली दिली नाही. मग बंदुकीचा दस्ता कानामागं बसला. किल्ली आईनंच काढून दिली. आप्पा तीन दिवस घोरत पडले होते. तिसऱ्या दिवशी ते घोरणं थांबलं. हे मी कधी घरात सांगितलं नाही. तुमच्या आजोबांनाही "वडील दंग्यात गेले" एवढंच माहीत होतं.

जुलेखा, त्या तीन दिवसांत तू माझ्याजवळून हलली नाहीस. तू आप्पांच्या हाताला हळद लावलीस. हळदीवर रक्त आलं आणि तू म्हणालीस, "चुना न्हाई, तरी लाल झालं." मी तुला मारलं, आठवतं? कानशिलात मारलं. तू दुसरी चिंधी फाडलीस.

टोळी सोप्यात मुक्कामाला राहिली. दुप्पट जाळ लावून माल काढायचा हुकूम झाला. पट्टीचा अर्थ चाचांनी जमादाराला आधीच सांगून ठेवला होता, कारण धूर माणूस बघत नाही. जमादारानं एक माणूस पन्हाळीवर नेमला. पट्टीचं पिवळं टोक दिसलं की हाळी द्यायची.

आप्पा गेल्याच्या दुसऱ्या सकाळी मी तुला म्हणाले, "तू जा, माझ्या आईजवळ बस. पिंप मी भरते."

तू म्हणालीस, "एकटी?"

"गाळायला तू लागतेस कशाला?" मी म्हणाले. तू गेलीस.

मी पिंपात चुना घातला नाही. भिंती सारवायची पांढरी माती घातली, नीट कालवली आणि नेहमीसारखी गाळून ओतली. दिसायला तंतोतंत तशीच. मग पन्हाळीवर गेले. राखणदार तोंड धुवायला वळला होता. मी हळदीची पट्टी सोडवली आणि त्या जागी माझ्या उजव्या वेणीची लाल रिबीन बांधली. सोलापूरची, पक्क्या रंगाची. तिला चुना लागो, गंधक लागो, ती लालच राहणार.

मी सगळं क्रमानं योजलं होतं, मुलांनो. मी लहानपणापासून अशीच. सकाळी जाळ लावून झाला की चाचा वजूला, नमाजाआधी हातपाय धुवायला, विहिरीवर जायचे आणि घटकाभर परत यायचे नाहीत. तेवढ्यात सोप्यात जे बसलेले असतील ते आपले नव्हते.

हवा पडली होती. झिमझिम होती, वारा नव्हता. मी चुन्याच्या ढिगामागं बसले आणि बघत राहिले. आधी एक जण खोकला. मग दोघं. मग सोप्यातून डोळे चोळत एक बाहेर आला, दोन पावलं चालला आणि गुडघ्यावर पडून ओकला. आतून भांडी पडल्याचा आवाज आला. कुणीतरी आईला हाक मारत होतं. मला आनंद झाला, जुलेखा. हे कधीच कुणाला सांगितलेलं नाही. इतका आनंद मला लग्नात झाला नाही, मूल झालं तेव्हा झाला नाही. माझे दात एकमेकांवर घट्ट बसले होते आणि मी मनात म्हणत होते, अजून. अजून.

आणि चाचा विहिरीवर गेले नव्हते.

ते भट्टीपाशी होते. वास आल्याबरोबर त्यांनी पन्हाळीकडं पाहिलं असणार. लांबून पट्टी लाल दिसली. पट्टी पिवळी असती तर त्यांनी जाळ ओढला असता, सगळ्यांना हाकललं असतं आणि स्वतःही बाहेर पडले असते. लाल होती म्हणून त्यांना वाटलं, चुना ठीक आहे, भट्टीचंच दार कुठंतरी फुटलंय. ते फट शोधत आत राहिले. राखणदाराला फसवायला बांधलेल्या रिबिनीनं त्यांना फसवलं. माझ्या सगळ्या योजनेत हे एवढंच बसलेलं नव्हतं, की तो माणूस आपल्या पट्टीवर माझ्यापेक्षा जास्त विश्वास ठेवतो.

मग ते सोप्यात शिरले आणि बाहेर आले ते एका शिपायाला काखेत धरून. त्याला चिखलात टाकलं आणि परत आत गेले. दुसऱ्याला पायांनी ओढत आणलं. तेव्हा त्यांच्या नाकातून रक्त येत होतं. तिसऱ्यांदा गेले आणि बाहेर आणला तो आप्पांच्या हातावर घण घालणारा माणूस. चाचा त्याच्या छातीवर दाब देत होते आणि म्हणत होते, "सांस ले. सांस ले, बाबा."

मला त्यांचा राग आला. मी ढिगामागं बसून मनातल्या मनात त्यांना शिव्या दिल्या.

तू तेव्हाच धावत आलीस. मी तुला खाली ओढलं.

चाचा पन्हाळीकडं गेले. खाली बसले. काठीवरची रिबीन त्यांनी दोन बोटांत धरली. पाण्यात बुडवली, पुन्हा वर काढली. मग मान वळवून चुन्याच्या ढिगाकडं पाहिलं. आपण दोघी तिथं होतो आणि माझी एक वेणी सुटलेली होती. त्यांनी रिबीन सोडवून मुठीत घेतली.

जमादार भिंत धरून आला. त्याचे डोळे लाल गोळे झाले होते, त्यांतून पाणी वाहत होतं. सोप्यात चार जण मेले होते. त्यानं विचारलं, "किसने किया?"

"चुना मेरे जिम्मे था," चाचा म्हणाले. "मैंने किया."

मुलांनो, पुढचं मी एका वाक्यात लिहिणार होते, पण तुमच्या आजीनं केलेलं तुम्ही पुरतं वाचलं पाहिजे. त्यांनी पहिल्यांदा दस्त्यानं तोंडावर मारलं. चाचा खाली बसले, पडले नाहीत. मग ज्याला त्यांनी दुसऱ्यांदा ओढून काढलं होतं, तो शिपाई उठला आणि त्यानं संगीन घातली. काढली आणि पुन्हा घातली, किती वेळा ते मला माहीत नाही, कारण प्रत्येक वेळी तो खोकायला थांबायचा. पन्हाळीतलं पाणी लाल झालं. चाचांनी मूठ उघडली नाही.

तू ओरडायला तोंड उघडलंस आणि मी त्यावर हात दाबला. तू चावलीस. माझ्या तळहाताच्या कडेचं मांस तुझ्या दातांत आलं, तरी मी हात काढला नाही. तो वण अजून आहे. मृण्मयीनं लहानपणी विचारलं होतं तेव्हा मी विळीवर कापलं म्हणून सांगितलं.

ते लोक मढी गाडीत घालून निघून गेले. भट्टीला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. मग तू चाचांजवळ गेलीस आणि पाठमोरी बसलीस. मला तुझी पाठ दिसत होती, फक्त पाठ. तुझे खांदे काहीतरी सोडवत असल्यासारखे हलले आणि मग थांबले.

थोड्याच दिवसांत राज्य पडलं. लोक रस्त्यावर आले, गुलाल उधळला गेला, आणि मग सूड निघाला. खाकीवाले पळाले होते. राहिले होते ते तुमच्यासारखे, ज्यांना पळायला जागा नव्हती. तुमचं घर जळालं तेव्हा तू आणि तुझी अम्मा आमच्या चुन्याच्या कोठारात होतात, पोत्यांमागं, नखशिखांत पांढऱ्या. जमाव दारात आला. पुढं बापू होता. हातात कुऱ्हाड.

"मिस्त्रीची बायकोपोर काढ भाईर," तो मला म्हणाला. "त्यानं त्यास्नी दारूला गंधक काढून दिलं. माझा भाऊ त्याच दारूनं गेलाय."

मी दारात उभी होते. मागं तुला खोकला येत होता आणि तू तो दाबत होतीस. मला दोन वाक्यं बोलता येत होती. एक खरं होतं, ते माझ्याबद्दल होतं आणि त्यानं तू वाचली नसतीस. मी दुसरं बोलले. "मिस्त्रींनी चुना बंद केला, बापू. चौघांना मारलं आणि स्वतः कबूल करून मेले. पन्हाळीतलं रक्त अजून धुतलेलं नाही, जाऊन बघ. त्यांनी माझ्या बापाचा सूड घेतला आणि तू त्यांच्या लेकीवर कुऱ्हाड घेऊन आलास."

बापू खरंच पन्हाळीपर्यंत गेला. परत आला तेव्हा कुऱ्हाड खांद्यावर होती. "लई मोठा माणूस," तो म्हणाला आणि लोकांना घेऊन गेला. पुढच्या वस्तीकडं गेला. तिथं खोटं बोलायला कुणी नव्हतं. तिकडचा धूर मी पाहिला.

ती गोष्ट तिथं जन्माला आली, माझ्या तोंडातून. मग ती गावाची झाली, आणि तुझी.

तुझं लग्न उमरग्याला झालं, तुझ्या नवऱ्याचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं. माझं पुण्याला झालं. पहिल्या ईदला तुझं पाकीट आलं. आत शेवयांची पुडी आणि एक लाल रिबीन. एकच. मी स्वतःला सांगितलं, जोडीतली दुसरी हरवली असेल. पुढच्या ईदला पुन्हा एकच. मग दर वर्षी. मी त्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या, प्रत्येकीला वर्षाची चिठ्ठी लावून. लावायला मी हुशार. वाचायला नाही.

तुझ्या अंगणात एकदा मी सुरुवात केली होती. तू भाकरी थापत होतीस. मी म्हणाले, "जुलेखा, त्या दिवशी चाचांनी चुना बंद केला असं जे म्हणतात ते…"

"कोण म्हणतं?" तू वर न पाहता म्हणालीस.

"सगळे."

"सगळ्यांना कुणी सांगितलं?"

मी परातीच्या कडेचं पीठ गोळा केलं.

"तूच सांगितलंस. मी पोत्यामागून ऐकलं. आणि अब्बा खुद बोलले, मैंने किया. माझा बाप झूट बोलला व्हय?"

"तसं नाही गं."

"मग जेव. भाकरी गार होतीय."

वीस वर्षांनी पुन्हा एकदा. या वेळी मी भेकडपणे अर्धंच बोलले, "तो अपघात होता." तू इतकी चिडलीस की पानाचा डबा माझ्या अंगावर फेकलास. "अपघात? बाप मेला माझा, आणि ही मडम म्हणती अपघात. एक तर नीट खरं बोल, न्हाय तर नीट खोटं बोल. हे मधलं मला नक्को."

मी डबा उचलला, सुपारी वेचली आणि पुन्हा जागच्या जागी लावली. तू बघत होतीस. तू वाट बघत होतीस, हे मला आता कळतं. नाही, हेही मधलंच झालं. मला तेव्हाच कळलं होतं.

मागच्या हिवाळ्यात उमरग्याच्या दवाखान्यात तुझ्या खाटेवर बसले होते. तुझ्या नाकाला नळी होती, तरी जीभ शाबूत होती. तू माझा हात उताणा केलास, कडेच्या वणावर अंगठा फिरवलास आणि म्हणालीस, "माझे दात लई चांगले होते की गं." मग थोड्या वेळानं, "मडम, लांब केस कधी कापलेस?"

"कापले नाहीत. गळाले."

"मग दोन वेण्या होतील अजून?"

"उंदराच्या शेपटाएवढ्या."

"घालत जा," तू म्हणालीस आणि डोळे मिटलेस. मी तुझं पांघरूण नीट केलं आणि एस्टी चुकेल म्हणून उठले. ती शेवटची वेळ. मला अजून अर्धा तास होता, जुलेखा. मी तो स्टँडवर बसून काढला.

आता दगडाचं. तू असतीस तर म्हणाली असतीस, गप बस, अब्बांचा शब्द मोडू नक्को. सत्तर वर्षं तू तो शब्द सांभाळलास आणि दर वर्षी मला विचारलंसही. दोन्ही एकाच पाकिटात घालून पाठवणं तुलाच जमावं. पण अन्वर जे कोरून घेणार आहे त्यानं तुझ्या बापाची उंची कमी होते. माणसं मारणारे त्या वर्षी गावोगाव होते. मी सोळा वर्षांची होते आणि मीही मारली. धुरात तीनदा जाणारा एकच होता. म्हणून मी आज वहीत लिहिलं ते असं:

"करीम मिस्त्री. यांनी धूर धुऊन बापूची ज्वारी हिरवी केली. ज्यांनी यांच्या मालकाला मारलं त्यांना वाचवायला हे तीनदा विषारी धुरात गेले. चुना यांनी बंद केला नव्हता. ज्या मुलीनं बंद केला तिचा गुन्हा यांनी आपल्या अंगावर घेतला."

खाली माझं नाव लिहिलंय. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही. मृण्मयी, तुझ्या पडद्यावरच्या आकड्याची वायर कुठून येते ते एकदा स्वतः चालत जाऊन बघत जा. एवढंच तुला सांगायचं होतं.

हा कागद फोनवरून वाचून दाखवायचा नाही, हे मी ठरवलं आहे. उद्या उमरग्याला जाते. अन्वर मला मावशी म्हणतो. कागद वाचल्यावर काय म्हणेल, माहीत नाही. त्यानं दार लावलं तर ते त्याचं बरोबर असेल, मी ओट्यावर बसेन. शेवटची एस्टी गेली तरी बसेन.

डबा पिशवीत भरला आहे. त्यातली पहिल्या वर्षीची चिठ्ठी काढून ठेवली आणि ती रिबीन बाहेर घेतली. आज सकाळी आरशासमोर बसून दोन वेण्या घातल्या. फार वेळ लागला. डाव्या वेणीला रिबीन बांधली आहे. उजवी मोकळी ठेवली आहे.

अशीच जाणार आहे, एस्टीत, बाजारातून, तुझ्या अंगणात. कुणी विचारलं, आजी, दुसरी रिबीन कुठं आहे, तर सांगेन.